कांदा, लसूण, बटाटा घरी लावताना : आधी हंगाम, मग वाण

कांद्याच्या बियाण्याच्या पाकिटावर गडद लाल, गोल गरगरीत कांद्याचे छायाचित्र ठळक छापलेले असते, आणि ते बियाणे खरिपासाठी आहे की रब्बीसाठी, हे मात्र मागच्या बाजूला बारीक अक्षरांत शोधावे लागते. घरच्या बागेत कांदा, लसूण किंवा बटाटा लावून निराश झालेल्या बहुतेकांनी हीच बारीक अक्षरे वाचलेली नसतात. वांग्याचे वाण थोडे चुकले तर फळ लहान येते, चव वेगळी लागते, पण भाजी होते. या तीन पिकांत वाण आणि हंगाम यांचा मेळ बसला नाही, तर हिरवागार पाला वाढतो आणि खाण्याजोगे काहीच तयार होत नाही. याचे कारण असे, की या तिन्ही पिकांत आपण वनस्पतीची साठवण खातो. कांद्यात ती पानांच्या फुगलेल्या तळांत असते, लसणात पाकळ्यांमध्ये आणि बटाट्यात जमिनीखालील खोडाच्या टोकाला. वनस्पती ही साठवण केव्हा सुरू करते, हे दिवसाची लांबी आणि तापमान यांवर ठरते, आणि कोणत्या लांबीला व कोणत्या तापमानाला ती प्रतिसाद देईल, हे वाणावर ठरते. एवढे ध्यानात ठेवले, की बाजारातील वाणांची लांबलचक यादी दोन-तीन नावांवर येते.

कांद्यापासून सुरुवात करू, कारण त्यात हा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो. कांद्याची काही वाणे दिवस साधारण ११ ते १२ तासांचा असतानाच गड्डा धरू लागतात, तर काहींना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये तो फार तर सव्वातेरा तासांपर्यंत पोहोचतो. नागपूरला हा फरक थोडा अधिक असला, तरी साडेतेरा तासांपलीकडे तोही जात नाही. म्हणून युरोप किंवा उत्तर अमेरिकेतील मोठ्या दिवसांची वाणे, त्यांची छायाचित्रे कितीही मोहक असली, तरी महाराष्ट्रात कधीही गड्डा धरणार नाहीत. ती पात देतील आणि तशीच वाळून जातील. परदेशी मराठी माणसाला हाच अनुभव उलट्या बाजूने येतो. लंडन किंवा न्यू जर्सीच्या परसात एप्रिलमध्ये नाशिककडचे वाण पेरले, तर तेथे तेव्हा दिवस आधीच १३ तासांच्या पुढे गेलेला असल्यामुळे रोपाला पाने वाढवण्याची उसंत मिळत नाही आणि सुपारीएवढे गड्डे धरून ते थांबते. तेथे स्थानिक मोठ्या दिवसांचीच वाणे घ्यावीत आणि नाशिकच्या बियाण्याचा उपयोग फक्त पातीसाठी करावा.

आपल्याकडे सर्व वाणे लहान दिवसांचीच असली, तरी प्रश्न तेथे संपत नाही, कारण महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम आहेत. खरीप कांद्याची रोपे मे-जूनमध्ये टाकतात, पुनर्लागवड जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि ऑक्टोबरपासून काढणी सुरू होते. रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा कांदा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोपवाटिकेत पडतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. रब्बीचा, ज्याला सर्वत्र उन्हाळी कांदा म्हणतात, त्याची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकून डिसेंबर-जानेवारीत लावतात आणि एप्रिल-मेमध्ये काढतात. खरिपाच्या वाणांत दिवस लहान होत जात असताना, ढगाळ हवेत आणि ओलसर जमिनीतही गड्डा धरण्याची क्षमता असते. उन्हाळी वाणांना थंडीत पाने वाढवून, दिवस मोठा व ऊबदार होऊ लागला की गड्डा भरण्याची सवय असते. उन्हाळी वाण पावसाळ्यात लावले तर जाड मानेची पात मिळते, आणि खरिपाचे वाण हिवाळ्यात लावले तर डेंगळे (गड्ड्याऐवजी वर येणारे फुलाचे दांडे) व जोडकांदे यांचे प्रमाण वाढते, शिवाय जो कांदा मिळतो तो टिकत नाही.

डेंगळ्यांबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण घरच्या बागेत त्याचा दोष नेहमी खताला किंवा बियाण्याच्या कंपनीला दिला जातो. कांदा हे दोन टप्प्यांचे पीक आहे: पहिल्या टप्प्यात तो गड्डा साठवतो आणि थंडी खाल्ल्यानंतर दुसऱ्या टप्प्यात फुलाचा दांडा काढतो. रोप अगदी कोवळे असेल तर थंडीचा परिणाम होत नाही, पण पेन्सिलीएवढ्या जाडीचे झालेले रोप १० ते १२ अंशांखालच्या थंडीत काही आठवडे राहिले, तर त्याला पहिला टप्पा संपल्यासारखे वाटते आणि गड्डा भरण्याऐवजी दांडा वर येतो. म्हणून उन्हाळी कांदा सप्टेंबरमध्येच घाईने पेरू नये आणि रोपवाटिकेतून जुनी, जाड रोपे ‘मजबूत दिसतात’ म्हणून उचलू नयेत. सात-आठ आठवड्यांचे, मध्यम जाडीचे रोप सर्वांत चांगले. घरात कोंब आलेला कांदा कुंडीत खोचला की पुन्हा मोठा कांदा का मिळत नाही, याचेही उत्तर येथेच आहे. त्याचा पहिला टप्पा झालेला असतो. तो पात देईल, फुटून दोन-तीन बारीक कांदे देईल किंवा दांडा काढेल. पातीसाठी हा उपाय उत्तम आहे आणि मुंबईच्या खिडकीतील बागेला तर बियाण्यापेक्षा सोयीचा आहे.

आता नावे. खरिपासाठी निफाडचे जुने एन-५३, पिंपळगाव बसवंतचे बसवंत-७८०, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले समर्थ आणि राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची भीमा सुपर, भीमा राज, भीमा डार्क रेड ही वाणे आहेत. पांढरा कांदा हवा असल्यास खरिपात भीमा शुभ्रा आणि रब्बीत भीमा श्वेता घेता येते. उन्हाळी हंगामासाठी एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती आणि अॅग्रीफाउंड लाइट रेड ही नावे विश्वासाची आहेत. घरी एकच हंगाम घ्यायचा असेल, तर माझे मत निःसंशय उन्हाळी कांद्याकडे झुकते. तो चांगल्या साठवणुकीत पाच-सहा महिने टिकतो, त्याच्यावर पावसाळ्यात पात वाळवणाऱ्या करपा रोगाचा मारा कमी असतो आणि नवख्याला चुका सावरण्यास वेळ मिळतो. खरीप कांदा घ्यायचा तर तो महिना-दीड महिन्यात संपवण्यासाठीच घ्यावा. ज्या पाकिटावर फक्त ‘लाल कांदा’ एवढेच छापले आहे आणि वाणाचे नाव, हंगाम व चाचणीची तारीख नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. कांद्याचे बियाणे फार लवकर म्हातारे होते. साध्या हवेत वर्षभर पडून राहिलेल्या बियाण्याची उगवण निम्म्यावर येऊ शकते.

कोकणातील वाचकांनी घाटावरच्या वाणांमागे न जाता आपल्याच अंगणाकडे पाहावे. अलिबागचा पांढरा कांदा भातकापणीनंतर, जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि बेताच्या पाण्यावर घेतला जातो, फेब्रुवारी-मार्चपासून निघतो आणि माळा विणून विकला जातो. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिखटपणा कमी, गोडी अधिक आणि त्या हवेची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, एवढे गुण असताना रत्नागिरीच्या परसात नाशिकचे बियाणे आणून लावण्यात फारसा अर्थ नाही. अर्थात, बियाणे तेथील शेतकऱ्याकडूनच मिळवावे लागते, कारण ते बहुतेक जण स्वतःच्या निवडलेल्या कांद्यांपासून तयार करतात.

लागवडीचे गणित साधे आहे. दोन रोपांत १० सेंटिमीटर आणि दोन ओळींत १५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एक चौरस मीटर वाफ्यात सुमारे ६५ रोपे बसतात, आणि प्रत्येक कांदा ६० ते ७० ग्रॅमचा धरला तरी चार किलोच्या आसपास उत्पन्न येते. एका ग्रॅममध्ये अडीचशेहून अधिक बिया असल्यामुळे घरासाठी १० ग्रॅम बियाणे पुष्कळ होते. बी एक ते दीड सेंटिमीटर खोल, ओळीत टाकावे. पावसाळ्यात गादीवाफ्यावरच टाकावे, नाहीतर पाणी साचून रोपे बुडाशी कोलमडतात. कुंडीसाठी २० सेंटिमीटर खोली पुरते, पण रोजचे किमान सहा तासांचे ऊन हवेच. सावलीत गड्डा भरत नाही. खताच्या बाबतीत घरच्या माळ्याचा हात फार सैल असतो. नत्र, मग ते युरियातून दिलेले असो की शेणखताच्या सततच्या पाण्यातून, लागवडीनंतर सुमारे दोन महिन्यांपुढे देत राहिले, तर मान जाड राहते आणि कांदा साठवणीत सडतो. फुलकिडे पानांच्या बेचक्यात लपून रस शोषतात व पातीवर पांढुरके चट्टे पडतात. वाफ्याभोवती मक्याच्या दोन ओळी लावल्या तर त्यांना काही प्रमाणात अडथळा होतो, आणि निंबोळी अर्काची पाच टक्के फवारणी सुरुवातीपासून केली तर घरच्या प्रमाणावर एवढे पुरते.

काढणी आणि सुकवणी हा भाग लोक घाईत उरकतात, आणि टिकवण तर तेथेच ठरते. उन्हाळी कांद्याच्या निम्म्या माना आपोआप पडल्या, की काढणीची वेळ झाली असे समजावे. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे. खरीप कांद्याची पात हिरवीच राहते, त्यामुळे त्यात माना पडण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो आणि गड्ड्याचा आकार व रंग पाहूनच काढावे लागते. उपटलेले कांदे तीन दिवस असे पसरावेत, की एका कांद्याची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर येईल आणि ऊन थेट लागणार नाही. त्यानंतर दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी आणि सावलीत, हवेशीर जागी दहा-पंधरा दिवस सुकू द्यावे. पात अगदी बुडाशी कापली, तर त्या जखमेतून कूज आत शिरते. डेंगळे आलेले, जोड आणि जाड मानेचे कांदे वेगळे काढून आधी वापरावेत.

लसणाचे तंत्र कांद्याच्या जवळचे असले, तरी एका गोष्टीत तो अगदी वेगळा आहे. आपण लावतो त्या लसणाला बी धरत नाही. पाकळी लावूनच तो वाढतो, म्हणजे प्रत्येक वाण ही एकाच झाडाची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नक्कल असते. म्हणून लसणात ‘बियाणे निवडणे’ याचा अर्थ चांगला गड्डा निवडणे आणि त्यातील बाहेरच्या बाजूच्या मोठ्या पाकळ्या लावणे, एवढाच आहे. आतल्या चिमुकल्या पाकळ्या लावल्या, की गड्डाही तसाच लहान मिळतो. महाराष्ट्रासाठी राहुरी विद्यापीठाची गोदावरी आणि श्वेता, राजगुरुनगरची भीमा ओंकार आणि भीमा पर्पल, तसेच यमुना सफेद मालिकेतील वाणे उपलब्ध आहेत. ती साधारण चार ते साडेचार महिन्यांत तयार होतात.

लसणाला गड्ड्यात पाकळ्या पाडण्यासाठी आधी थंडी आणि नंतर वाढता दिवस लागतो. थंडी पुरेशी मिळाली नाही, तर जमिनीत एकच गोल, पाकळ्या नसलेली गाठ तयार होते, जिला एककळी लसूण म्हणतात. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सातारा आणि मराठवाड्यात ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड केली तर ही अडचण सहसा येत नाही. डिसेंबरात लावलेल्या लसणाचा गड्डा मात्र लहानच राहतो. मुंबई आणि गोव्यात रात्री पुरेशा गार नसल्यामुळे लागवडीपूर्वी गड्डे काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय केला जातो, आणि त्याने थोडा फरकही पडतो, पण घाटावरच्या गड्ड्याची अपेक्षा ठेवू नये. तेथे लसणाची पात हेच खरे पीक मानावे. हिमालयाच्या डोंगरांसाठी शिफारस केलेले अॅग्रीफाउंड पार्वती त्याच्या मोठ्या पाकळ्यांमुळे आकर्षक दिसते, पण ते मोठ्या दिवसांचे वाण आहे. बाजारात कधी कधी दिसणाऱ्या चिनी लसणाची गोष्टही तीच. त्याच्या आयातीवर भारतात २०१४ पासून बंदी आहे, आणि ती नसती तरी आपल्या हवेत तो लावून पदरात काही पडले नसते. बाजारातला स्थानिक, बारीक पाकळीचा, जांभळट छटेचा लसूण मात्र खुशाल लावावा. त्याच हवेत वाढलेला असल्यामुळे तो बहुधा चांगलाच येतो.

पाकळी टोक वर करून दोन-तीन सेंटिमीटर खोल लावावी आणि अंतर १० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावे. सोललेली किंवा साल निघालेली पाकळी जमिनीत कुजते. शेवटच्या महिन्यात नत्र व पाणी जास्त झाले, तर गड्ड्यातील पाकळ्यांना जमिनीतच पुन्हा कोंब फुटतात आणि तो लसूण साठवणीच्या कामाचा राहत नाही. पाने पिवळी पडून शेंडे वाळू लागले, की गड्डे पातीसह काढून, जुड्या बांधून हवेशीर जागी टांगावेत. तिन्ही पिकांत घरच्या माणसाने आधी कोणते करावे, असे विचारले तर मी लसूण सांगेन. जागा कमी, रोग कमी, किंमत जास्त आणि बियाण्यासाठी पुन्हा बाजाराकडे जाण्याची गरज नाही.

बटाट्याच्या बाबतीत हे शेवटचे वाक्य नेमके उलटे होते. बटाटाही फोडीपासून, म्हणजे बेण्यापासून वाढतो, पण त्यात मावा या किडीमार्फत विषाणू शिरतात आणि दर पिढीला साठत जातात. पहिल्या वर्षी चांगले आलेले बेणे तिसऱ्या वर्षी निम्मे उत्पन्न देते, त्याचे हेच कारण असते. पंजाबच्या मैदानात थंडीच्या ज्या काळात मावा अत्यल्प असतो, त्या काळात बेणे वाढवतात व शीतगृहात ठेवतात. सातगाव पठार, खेड, मंचर या पुणे जिल्ह्यातील बटाट्याच्या पट्ट्यातही बेणे मोठ्या प्रमाणावर पंजाबहूनच येते. घरासाठी पोते घेण्याची गरज नसते. लागवडीच्या दिवसांत अशा शेतकऱ्याकडून दोन किलो बेणे मागून घेणे सर्वांत चांगले. भाजीच्या दुकानातील बटाटा लावता येतो, पण तो महिनोन्‌महिने शीतगृहात राहिलेला आणि अनेकदा कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया केलेला असतो. वाण कोणते हे ठाऊक नसते आणि विषाणूंचा भार किती हेही नाही. कोंब आलेच तर प्रयोग म्हणून लावावा, तुलनेसाठी नव्हे.

भारतीय बटाट्याच्या बहुतेक वाणांच्या नावाआधी ‘कुफरी’ असते. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली व १९५६ मध्ये शिमल्याला गेली. मैदानातील लहान दिवसांत बटाट्याला फुले व फळे नीट धरत नाहीत, म्हणून संकराचे काम शिमल्याजवळच्या उंचावरील कुफरी येथे झाले, आणि ते नाव सर्व वाणांना चिकटले. कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी ही दोन्ही १९६८ ची वाणे आजही दिसतात. महाराष्ट्राच्या पठारासाठी कुफरी लवकर हे १९७२ मधील, सुमारे अडीच महिन्यांत तयार होणारे वाण उपयुक्त आहे. कुफरी पुखराज लवकर येते, भरपूर देते आणि त्याचा गर पिवळसर असतो, पण भुसभुशीत शिजणारा बटाटा आवडणाऱ्यांना ते कमी रुचते. अशा घरांनी चंद्रमुखी किंवा ज्योती पाहावे. कुफरी सूर्या हे २००६ चे वाण उष्णता अधिक सोसते, आणि विदर्भात किंवा किनाऱ्याजवळ प्रयोग करायचाच असेल तर तेथे तेच घ्यावे. वेफर्ससाठी वेगळी वाणे असतात, कारण साखर अधिक असलेला बटाटा तळला की काळवंडतो. कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवल्यावर गोड लागतो आणि तळताना डागतो, तेही स्टार्चची साखर झाल्यामुळेच.

बटाट्याला रात्रीचा गारवा लागतो. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांत असताना गाठी धरतात आणि त्यापुढे जसे वाढेल तशी ही क्रिया मंदावते. म्हणून घरी लागवडीचा सुरक्षित काळ ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य हा आहे. सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो तो तेथील उंची आणि हवा यांमुळे. पुण्याच्या गच्चीवर जुलैमध्ये त्याची नक्कल करू नये. बेणे शीतगृहातून आलेले असेल, तर आठ-दहा दिवस विरळ उजेडात पसरून ठेवावे, म्हणजे कोंब आखूड, जाड आणि हिरवट येतात. मोठा बटाटा कापायचा असल्यास प्रत्येक फोडीला किमान दोन डोळे राहतील असा कापावा आणि काप सावलीत सुकू द्यावा.

ओळींत ६० व रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवून लावल्यावर महिन्याभराने मातीची भर द्यावी लागते. ही भर उघड्या पडणाऱ्या बटाट्यांना झाकते; उन्हात हिरवे पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. शिवाय जमिनीच्या भेगांतून पाकोळीची अळी आत शिरते, तिलाही भरीमुळे अडथळा होतो. जुन्या टायरांचे किंवा पोत्यांचे मनोरे रचून, वर वर माती घालत प्रत्येक मजल्यावर बटाटे मिळवण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण आपली ७५ ते १०० दिवसांची वाणे थोड्याच काळात, बेण्याच्या आसपासच्या थरात गाठी धरतात. मजले वाढवून उत्पन्न वाढत नाही. १५-२० लिटरच्या पिशवीत एक-दोन फोडी, ३० सेंटिमीटर खोली आणि पाण्याचा चांगला निचरा, एवढेच पुरे. काढणीपूर्वी आठ-दहा दिवस पाला कापून टाकला, म्हणजे साल घट्ट होते आणि बटाटा टिकतो. साठवताना त्याला अंधार हवा आणि कांद्याला वारा हवा, म्हणून दोघांना एकाच टोपलीत ठेवू नये.

पुढच्या वर्षासाठी काय राखावे, हा प्रश्न मग सोपा होतो. लसणाचे सर्वांत चांगले गड्डे खाण्याआधी बाजूला काढावेत. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला लसूण ऑक्टोबरपर्यंत आपोआप विश्रांती संपवून लागवडीस तयार होतो. बटाट्याचे बेणे दरवर्षी नवे आणावे. पुणे जिल्ह्यात बटाट्याच्या आरणी, म्हणजे सावलीत झाकलेले ढीग, लावून साठवण करत आले आहेत, पण घरी उन्हाळ्याचे तीन महिने ओलांडताना बहुतेक बटाटा सुरकुततो किंवा सडतो. कांद्याचे बी राखायचे असेल तर उन्हाळी कांद्यातील एकसारखे, बारीक मानेचे, न कोंबलेले कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा लावावेत, दांड्यावरच्या गोंड्यांत काळे बी दिसू लागले की गोंडे कापून सुकवावेत आणि बी हवाबंद बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे. मधमाश्या दूरच्या शेतातील पराग आणत असल्यामुळे वाण शुद्ध राहील याची खात्री नसते. शेजारी दुसऱ्या वाणाचा कांदा फुललेला असेल, तर ते बी पातीसाठी वापरावे. पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, आठ-दहा दिवसांनी किती उगवल्या ते मोजावे आणि त्या मानाने बी दाट किंवा विरळ टाकावे.